महिरपी कंसातली किल्ली

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी ‘पेट्या बनवतो’ एवढंच सांगतो. लग्नाकार्यात हे बरं पडतं. समोरच्याला पत्र्याच्या पेट्या वाटतात, तो गव्हाला कीड लागू नये म्हणून काय करावं ते मला समजावतो आणि पंगतीला जाऊन बसतो. एकदा मी चुकून ‘प्रोग्रॅमिंग करतो’ म्हणालो होतो. त्या मांडवात मला अकरा जणांचे मोबाइल बघावे लागले आणि जेवण राहिलं ते राहिलंच.

खरं म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. आमच्या पेट्या जेवणाच्या डब्याएवढ्या असतात. आत नखाएवढी चिप असते आणि तिनं काय करायचं ते आम्ही सी नावाच्या भाषेत लिहून ठेवतो. ही भाषा साधारण माझ्याच वयाची. तिच्यात लाड नाहीत. तुम्ही म्हणाल तेच ती करते आणि तुम्ही चुकीचं म्हणालात तर तेही तितक्याच मन लावून करते. शाळेची घंटा वाजवणारी पेटी, विहिरीवरची मोटर चालू-बंद करणारी पेटी, असा आमचा माल. धाराशिवला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, तीन टेबलं आणि एक खिडकी. तिच्यातून एसटीच्या घोषणा इतक्या स्पष्ट ऐकू येतात की मला सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ आहेत. प्रवास मात्र फारसा झाला नाही.

सुवर्णा माझ्याकडं आली ती तंत्रनिकेतनातला डिप्लोमा घेऊन. मूळची अणदूरची. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतं, त्यामुळं रागावली की ती कानडीत पुटपुटते. मला अर्थ कळत नाही, हे दोघांच्याही सोयीचं आहे. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या प्रोग्रॅममधल्या तीन चुका काढल्या आणि मला एकट्याला गाठून सांगितल्या, चारचौघांत नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

आता कुलपाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या मजल्यावर सहा दुकानं आणि संडास एक. त्याची किल्ली झेरॉक्सवाल्याच्या दाराशेजारी खुंटीवर असते. किल्ली घ्यायची, जायचं, परत येऊन खुंटीवर लावायची. खुंटी रिकामी दिसली तर कुणीतरी आत आहे असं समजून थांबायचं. एकदा शेजारचा विमा एजंट किल्ली खिशात घालून सोलापूरला गेला. सहा दुकानांतली माणसं किती सोशिक आहेत ते त्या दिवशी कळलं.

चिपमध्येही असंच असतं. तिथं एका वेळी दोन-तीन कामं चालू असतात आणि एखादी वस्तू सगळ्यांनाच हवी असते. दोघांनी एकदम हात घातला तर घोळ होतो. म्हणून तिथंही एक किल्ली असते. ती घेण्याचा हुकूम वेगळा आणि परत लावण्याचा वेगळा. घ्यायला कुणी विसरत नाही. परत लावायला मात्र मी स्वतः कितीतरी वेळा विसरलो आहे.

यावर मी एक युक्ती काढली. सीमध्ये खरं काम सुरू होण्याआधी एक लेखनिक बसलेला असतो. तहसीलच्या बाहेर अर्ज लिहून देणारे बसतात, तसाच. आपण नुसतं ‘रहिवासी’ म्हणायचं, की तो ‘मी खाली सही करणार’पासून सगळा मजकूर उतरवतो. आपण दिलेल्या छोट्या शब्दाच्या जागी मोठा मजकूर भरायचा, एवढंच त्याचं काम. या छोट्या शब्दाला आम्ही मॅक्रो म्हणतो. मी लेखनिकाला ‘किल्ली’ हा नवा शब्द शिकवला. किल्ली असं लिहायचं, पुढं महिरपी कंस उघडायचा आणि आपलं काम कंसात मांडायचं. कंस उघडताना किल्ली आपोआप हातात आणि कंस मिटला की आपोआप खुंटीवर. विसरायचा प्रश्नच नाही.

आत गंमत अशी होती. लेखनिकाला शब्दाच्या जागीच लिहिता येतं, खाली कंस मिटतो तिथं जाऊन काही लिहिता येत नाही. मग किल्ली परत कशी लावायची? तर सीमध्ये फॉर नावाचं एक चक्र असतं. फेरी सुरू होताना काय करायचं आणि फेरी संपल्यावर काय करायचं, दोन्ही त्याच्या पहिल्याच ओळीत सांगून ठेवता येतं. मी असं चक्र लिहिलं की जे एकच फेरी मारील: सुरू होताना किल्ली घेईल, संपताना लावील. बाहेरून चक्र दिसतच नव्हतं. भाषेत हा शब्द जन्मापासून असल्यासारखा दिसायचा. मी इतका खूश झालो की घरी जाऊन बायकोला दाखवलं. ती म्हणाली, ‘‘छान आहे. तिकडं दूध उतू गेलं बघा.’’

पुढं सुवर्णा कामाला आली तेव्हा तिनं मात्र नीट विचारलं होतं, ‘‘सर, याच्या आत काय आहे?’’

‘‘आत बघायची गरजच नाही,’’ मी म्हणालो. ‘‘म्हणून तर बनवलाय. तू नुसता वापर.’’

त्याच सुमारास तेरखेड्याचे जब्बारभाई आमच्याकडं आले. त्यांचा फटाक्यांचा कारखाना आहे आणि जत्रांमध्ये आतषबाजी करून देण्याचं काम त्यांच्या घरात तीन पिढ्या चाललेलं आहे. माणूस शांत, बोलणं सावकाश, फटाक्यांच्या दारूच्या कामातली माणसं असतात तसा. जमिनीत नळे पुरायचे, नळ्यात गोळा ठेवायचा आणि वातीला काडी लावून पळायचं, अशी जुनी रीत. जब्बारभाईंना पळणं नको होतं.

‘‘साहेब, माझे गुडघे गेले,’’ ते म्हणाले. ‘‘आन् पळणारी पोरं मला ठेवायची न्हाईत. लांब बसून बटण दाबलं की गोळा उडावा, असं कायतरी करा. पण तार सुटलेली आसंल तर आधी कळाय पाहिजे. न उडालेला गोळा लई वाईट. त्याच्याजवळ जाणारा माणूस परत येईलच असं न्हाय.’’

आम्ही चोवीस तारांची पेटी केली. प्रत्येक तारेच्या टोकाला विजेवर पेटणारी वात. चिपमध्ये कामं दोन. एक तपासणारा, तो प्रत्येक तारेतून अगदी बारीक करंट सोडून तार जागेवर आहे का ते बघायचा आणि सुटली असेल तर तांबडा दिवा लावायचा. दुसरा पेटवणारा, तो बटण दाबलं की त्या तारेला मोठा करंट द्यायचा. तारा त्याच, म्हणून दोघांत किल्ली एक. पेटवणारा मी लिहिला, तपासणारा सुवर्णानं.

जब्बारभाईंना एका गावच्या जत्रेचं काम मिळायचं होतं. यात्रा कमिटीनं सांगितलं, आधी नमुना दाखवा. मग एका सकाळी तेरखेड्याच्या बाहेर खडकाळ माळावर आम्ही सगळे जमलो. कमिटीची मंडळी लिंबाखाली सतरंजीवर, पुढ्यात पोहे. चोवीस नळे भरलेले. पेटी आणि आम्ही बरंच अंतर राखून एका जुन्या बांधाआड.

मी पेटी चालू केली. सातव्या तारेला तांबडा दिवा लागला. पेटी काम करते आहे हे बघून मला आनंदच झाला. जब्बारभाईंचा माणूस जाऊन तार नीट बसवून आला. मग जब्बारभाईंनी अल्लाचं नाव घेऊन पहिलं बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. दुसरं दाबलं. पेटीचा हिरवा दिवा मजेत जळत होता, तार बसवल्यावर विझायला हवा होता तो सातवा तांबडाही जळत होता आणि चोवीस नळे गप्प. सुवर्णा उठायला लागली तशी जब्बारभाईंनी तिच्याकडं न बघताच हात आडवा धरला. ‘‘कुणी हलायचं न्हाय,’’ ते म्हणाले. ‘‘ती मुकी हाय का झोपलीय, कुणाला ठावं?’’

मी पेटीच्या बॅटरीची तार ओढून काढली. त्यानंतर सगळे बांधाआड बसून राहिलो. बराच वेळ गेल्यावर जब्बारभाई स्वतः पाइप घेऊन गेले आणि चोवीसही नळ्यांत लांबून पाणी सोडलं. कुणाला इजा झाली नाही. पण भिजलेला माल गेला आणि त्याबरोबर जत्राही गेली. कमिटीनं पोहे संपवले, ‘बघू, कळवू’ म्हणाली आणि जीपमध्ये बसली.

बांधावर लॅपटॉप ठेवून मी प्रोग्रॅम उघडला. पाच मिनिटांत सापडलं. सुवर्णानं चोवीस तारांवर फिरणारं एक चक्र लिहिलं होतं. त्याच्या आत माझा किल्लीचा कंस आणि कंसात असं, की तार सुटलेली दिसली तर दिवा लाव आणि ब्रेक. ब्रेक म्हणजे चक्र मोडून ताबडतोब बाहेर. तिला तारांचं चक्र मोडायचं होतं. पण ब्रेक सगळ्यात जवळचं चक्र मोडतो आणि सगळ्यात जवळचं चक्र माझं होतं, किल्लीच्या आत लपलेलं. मोडलेलं चक्र फेरी संपल्यावरचं काम करत नाही. म्हणजे किल्ली खुंटीवर गेली नाही, खिशातच राहिली. तपासणारा आठव्या तारेकडं गेला, पुन्हा किल्ली मागायला लागला आणि स्वतःच्याच खिशातली किल्ली खुंटीवर येईल म्हणून थांबून राहिला. त्याच्यामागं पेटवणाराही थांबला. दुकानात हे कधी दिसलं नाही, कारण तांबडा दिवा लागला की आम्ही पेटी बंद करून तार लावायचो, आणि पेटी बंद झाली की किल्ली आपोआप जागेवर जाते.

हे सगळं मला त्या पाच मिनिटांत समजलं होतं. नंतर नाही, तिथंच.

‘‘साहेब, चूक कुणाची?’’ जब्बारभाईंनी विचारलं. ‘‘मला नाव सांगा. दारूच्या कामात नाव लागतं.’’

मी म्हणालो, ‘‘सुवर्णानं ब्रेक लिहिलाय. लिहायला नको होता.’’

यात खोटं काही नव्हतं. ब्रेक तिनंच लिहिला होता. सुवर्णा म्हणाली, ‘‘पण सर, ब्रेकनं तर चक्राबाहेर यायला पाहिजे होतं.’’ मी म्हणालो, ‘‘आलं ना बाहेर. किल्ली न लावता.’’ जब्बारभाईंनी तिला आवाज न चढवता सांगितलं, ‘‘ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण ह्यापुढं आमच्या पेटीला हात लावू नका.’’

त्या दिवशी ती कानडीतही काही पुटपुटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅक्रो बदलला. आम्ही लिहिलेलं चिपला कळेल अशा रूपात उतरवणारा कंपायलर असतो, त्यात एक सोय असते: कंसातून कुठल्याही वाटेनं बाहेर पडा, ब्रेकनं, रिटर्ननं, कशानंही, बाहेर पडताना नेमून दिलेलं काम होतंच. ती सोय मला आधीपासून माहीत होती. माझी युक्ती जास्त देखणी वाटली म्हणून मी ती वापरली नव्हती. आता वापरली. कुणाला सांगितलं नाही. सुवर्णाला म्हणालो, ‘‘काही दिवस तू सोल्डरिंग बघ. आणि फोन घेत जा.’’ ती बरं म्हणाली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला तारा चिकटवायला बसवणं म्हणजे काय, ते आमच्या धंद्यातल्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांनी असं समजा, की आचाऱ्याला पत्रावळ्या उचलायला लावलं. तिच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि घरच्यांचं म्हणणं होतं की नोकरीत राम नसेल तर सोडून दे. हे मला ठाऊक होतं.

मनाची समजूत घालायला मी पटाईत आहे. तिनं आत बघायला हवं होतं, असं मी स्वतःला सांगायचो. मीच बघू नको म्हणालो होतो, हे आठवलं की चहा मागवायचो. त्या काळात माझा चहा बराच वाढला.

आठ महिने गेले. मग एका दुपारी एका शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला. आमची घंटेची पेटी त्यांच्याकडं चार वर्षं बिनतक्रार चाललेली.

‘‘अहो, सहामाहीचा पेपर सुरू आहे,’’ ते म्हणाले. ‘‘वेळ संपून वीस मिनिटं झाली, घंटा वाजेना. घंटा झाल्याशिवाय शिक्षक पेपर गोळा करायला तयार नाहीत. पोरं पुरवण्या मागायला लागली आहेत.’’

‘‘मग शिपायाला वाजवायला सांगा ना सर.’’

‘‘तो म्हणतो, मशीन आल्यापासून ते माझं काम नाही. आणि हातोडा कुठं ठेवलाय ते त्याला आठवत नाही.’’

शेवटी मुख्याध्यापकांनी स्वतः वर्गावर्गांत जाऊन पेपर गोळा केले. त्या विषयात शाळेचा निकाल सुधारला असं नंतर कळलं. मी पेटी आणवली आणि प्रोग्रॅम उघडला. परीक्षेसाठी त्यांनी तासांच्या यादीत पहिल्यांदाच मधली एक ओळ रिकामी ठेवली होती. रिकामी ओळ दिसली तर यादीतून बाहेर पड, असं प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं. म्हणजे ब्रेक. कशाच्या आत? किल्लीच्या कंसाच्या आत. मॅक्रो जुना, मी बदलण्याआधीचा. आणि हा ब्रेक सुवर्णाचा नव्हता. ती येण्याआधी, मॅक्रो बनवल्याच्या पहिल्याच महिन्यात मी माझ्या हातानं लिहिलेला होता.

जो माणूस स्वतः बनवलेल्या खड्ड्यात स्वतः पडतो, त्याला निदान खड्डा आहे हे मान्य करावं लागतं. खिडकीतून लातूर गाडीची घोषणा झाली, मग तुळजापूरची. मग मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो. सुवर्णा मोटरच्या पेटीला डाग देत होती. ‘‘उद्या तेरखेड्याला जायचंय,’’ मी म्हणालो. ‘‘तूही चल.’’

‘‘मी कशाला सर? त्यांनी सांगितलंय ना.’’

‘‘म्हणूनच.’’

जब्बारभाईंच्या कारखान्यात फाटकापाशी मोबाइल टोपलीत ठेवावे लागतात. पुढं मोकळ्या माळावर एकमेकांपासून लांब लांब शेड. जब्बारभाई बाहेरच बाजेवर बसले होते, शेजारी त्यांचे चार-सहा कारागीर हातपाय धूत होते. ते आत जाईपर्यंत थांबावं, असं मला फार वाटलं. थांबलो नाही. त्यांच्यासमोरच सांगितलं, की माळावरची चूक माझी होती. ब्रेक हिनं लिहिला, पण जे चक्र मोडलं ते मी लपवून ठेवलेलं होतं आणि हिला आत बघू नको असं मीच बजावलं होतं. आणि हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

जब्बारभाईंनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

‘‘साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘आमच्यात माप चुकलं तर माणूस त्याच घडीला बोलतो. त्याला कुणी रागवत न्हाय, ही रीत हाय आमची. कारण तो न्हाय बोलला, तर उद्या त्याच मापानं दुसरा कुणी भरतो. आन् तो घरी जात न्हाय.’’

मला शाळेची घंटा आठवली. पोरांना पुरवण्या मिळाल्या, एवढ्यावर निभावलं होतं. त्या जुन्या मॅक्रोची तिसरी पेटी कुठं असेल, याचा मी आठ महिन्यांत एकदाही विचार केला नव्हता.

मग ते सुवर्णाकडं वळले. ‘‘ताई, मी चारचौघांत तुमाला बोललो. ते परत घेतो, ह्या चारचौघांत. पुढली पेटी तुमीच करायची. साहेबांना ते तारा चिकटवायचं काम येतं का?’’

‘‘शिकतील,’’ सुवर्णा म्हणाली. कारागीर हसले. मीही हसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

परतीच्या एसटीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. येरमाळ्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मला मोकळं वाटत होतं आणि मोकळं वाटलं की माझं तोंड सुरू होतं. मी म्हणालो, ‘‘तुला धक्का बसला असेल ना आज ऐकून?’’

‘‘नाही सर,’’ ती म्हणाली. ‘‘मला कळलं होतं.’’

‘‘कधी?’’

‘‘माळावरून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तुम्ही मॅक्रो बदललात ना. कुणी कुठली ओळ बदलली ते सगळं कॉम्प्युटरवर राहतं की. मी उघडून बघितलं. खाली तुम्ही लिहिलं होतं, ‘किरकोळ सुधारणा’.’’

एसटी येडशीच्या थांब्यावर उभी राहिली. दोन माणसं चढली, एक उतरलं. कंडक्टरनं घंटी दिली.

‘‘मग आठ महिने बोलली का नाहीस?’’ मी विचारलं.

‘‘तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते,’’ ती म्हणाली.